स्टॅक, चेन आणि "थांब, मला यावर बोलायचंय": कार्ड गेममधल्या टायमिंगबद्दल

रविवारचा_गडी

नमस्कार मंडळी. आमचा पुण्यात रविवारी एक छोटा ग्रुप जमतो, निम्मे मॅजिकवाले (मॅजिक: द गॅदरिंग खेळणारे) आणि निम्मे यू-गी-ओवाले. हल्ली एकमेकांचे डेक घेऊन सगळेच दोन्ही खेळायला लागलेत आणि तिथूनच घोळ सुरू झालाय, कारण जो तो आपल्या गेमचं टायमिंग दुसऱ्या गेममध्ये घेऊन येतो. तीन वाद अजून मिटलेले नाहीत, ते इथे टाकतोय.

पहिला, मॅजिकचा. माझ्याकडे ग्रिझली बेअर्स नावाचं अस्वल, २/२ (ताकद २, आणि २ डॅमेज लागला की मरतं). समोरच्याने त्यावर लाइटनिंग बोल्ट टाकला म्हणजे ३ डॅमेज, मी उलट जायंट ग्रोथ टाकून त्याला +३/+३ दिलं, अस्वल वाचलं. पुढच्या डावात मीच आधी जायंट ग्रोथ टाकलं आणि त्याने त्यावर बोल्ट टाकला, तर म्हणे अस्वल मेलं. कार्डं तीच, अस्वल तेच, निकाल उलटा का?

दुसरा, यू-गी-ओचा. मी हल्ला जाहीर केला, मित्राने मिरर फोर्स (हल्ला झाल्यावर समोरच्याचे मॉन्स्टर फोडणारा ट्रॅप) उघडला, मी त्यावर मिस्टिकल स्पेस टायफून टाकून तो मिरर फोर्स फोडला. तरीही माझे मॉन्स्टर गेले असं तो म्हणतो. जे कार्ड फुटलं ते काम कसं करतं?

तिसरा, यू-गी-ओच्या मास्टर ड्युएल ॲपवरचा. पेटेन द डार्क क्लाउन ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) गेला की डेकमधून दुसरा पेटेन आणता येतो असं कार्डावर सरळ लिहिलंय. मी पेटेनला ट्रिब्यूट करून (त्याचा बळी देऊन) मोठा मॉन्स्टर आणला, ॲपने मला विचारलंसुद्धा नाही. बग आहे का?

जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, ग्रुपवर लिंक टाकणार आहे.

सहावी_आवृत्ती

मॅजिकचं मी सांगतो. एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की यातले बरेच वाद आपोआप सुटतात: कार्ड टाकणं आणि कार्डाचा परिणाम होणं हे दोन वेगळे क्षण आहेत आणि त्या दोघांच्या मध्ये समोरच्याला बोलायची संधी असते. या संधीला प्रायॉरिटी म्हणतात. तू बोल्ट टाकलास, टार्गेट सांगितलंस, माना (कार्ड टाकायला लागणारी ऊर्जा) भरलास, की बोल्ट स्टॅकवर (परिणामाची वाट बघणाऱ्या कार्डांच्या ढिगावर) गेला, अजून काहीही झालेलं नाही. आता सगळ्या खेळाडूंनी लागोपाठ "पास" म्हटलं की स्टॅकवर सगळ्यात वर जे आहे ते रिझॉल्व्ह होतं, म्हणजे सुटतं, त्याचा परिणाम होतो. शेवटी आलेलं आधी सुटतं.

आता तुझं अस्वल घे. पहिल्या डावात खाली बोल्ट, वर ग्रोथ. ग्रोथ आधी सुटलं, अस्वल ५/५ झालं, मग ३ डॅमेज आला, वाचलं. दुसऱ्या डावात खाली ग्रोथ, वर बोल्ट. बोल्ट सुटला तेव्हा अस्वल अजून २/२ च होतं, मेलं, आणि ग्रोथची पाळी आली तेव्हा त्याचं टार्गेटच उरलं नव्हतं, म्हणून ते काहीही न करता ग्रेव्हयार्डमध्ये गेलं. तुझा मित्र बरोबर आहे.

इथे एक बारीक शंका बऱ्याच जणांना येते की टर्न संपताना +३/+३ उतरलं की अस्वल परत २/२ होणार आणि अंगावर ३ डॅमेज आहे, मग ते तेव्हा मरत नाही का? नाही मरत. क्लीनअपमध्ये (टर्नच्या शेवटच्या टप्प्यात) डॅमेज पुसला जाणं आणि "टर्न संपेपर्यंत" वाले परिणाम उतरणं एकाच क्षणी होतं, मुद्दाम तसं ठेवलंय.

आणि मॅजिकमध्ये प्रत्येक गोष्ट सुटल्यावर पुन्हा प्रायॉरिटी मिळते, आधी ज्याची टर्न आहे त्याला. म्हणजे स्टॅकवर तीन गोष्टी असल्या तर वरची सुटल्यावर उरलेल्या दोन तशाच ठेवून तू मध्येच चौथी टाकू शकतोस. हे यू-गी-ओवाल्यांना पटकन पचत नाही. प्लेन्सवॉकरचं (टेबलावर राहून दर टर्नला एक ॲबिलिटी देणाऱ्या कार्डाचं) उदाहरण घ्या. तो रिझॉल्व्ह झाला की लगेच प्रायॉरिटी टर्नवाल्याकडे असते, म्हणून त्याची एक ॲबिलिटी तरी वापरून होतेच, समोरचा "थांब, आल्या आल्या त्याला बोल्ट मारतो" म्हणू शकत नाही.

ठाकुर्ली_स्लो

सोप्या भाषेत, संध्याकाळची भरलेली लोकल. सगळ्यात शेवटी जो दाराशी लटकला तो आधी उतरणार, आत खिडकीशी बसलेला सगळ्यात शेवटी. फरक एवढाच की मॅजिकमध्ये एक उतरल्यावर नवा माणूस चढू शकतो आणि यू-गी-ओमध्ये गाडी रिकामी व्हायला लागली की कोणालाच चढता येत नाही.

निळी_शाई

लोकलवाला फरक अगदी नेमका, मी तिथूनच पुढे लिहिते कारण दुसरा आणि तिसरा प्रश्न दोन्ही यू-गी-ओचे आहेत.

यू-गी-ओमध्ये चेन बांधताना दोघेही आलटून पालटून कार्डं लावू शकतात, चेन लिंक १, २, ३ असं. "अजून कोणाला काही?" "नाही." झालं की मग शेवटच्या लिंकपासून उलट सुटायला लागते आणि पूर्ण संपेपर्यंत मध्ये कोणीही काहीही ॲक्टिव्हेट करू शकत नाही. शिवाय स्पेल स्पीड आहे. साधे स्पेल आणि बहुतेक मॉन्स्टर इफेक्ट १, क्विक-प्ले स्पेल, साधे ट्रॅप आणि क्विक इफेक्ट २, काउंटर ट्रॅप ३. वर लावायचं कार्ड खालच्या कार्डाइतकं किंवा त्याहून वेगवान पाहिजे आणि स्पीड १ वालं तर दुसऱ्यावर लावताच येत नाही (एकाच वेळी अट पूर्ण होऊन आलेले ट्रिगर इफेक्ट तेवढे सोडून). म्हणून सॉलेम जजमेंट एकदा उघडलं की त्यावर फक्त दुसरा काउंटर ट्रॅपच चालतो. मॅजिकमध्ये एके काळी इंटरप्ट नावाचे वेगळे, इन्स्टंटपेक्षा वेगवान स्पेल होते, ते १९९९ च्या सहाव्या आवृत्तीच्या नियमांत काढून टाकले आणि स्टॅक आणला. (आपल्या मित्राने आयडी त्यावरूनच घेतलाय असं दिसतंय.)

आता मिरर फोर्स. टायफून कार्ड फोडतं, त्याचा इफेक्ट रद्द करत नाही. मिरर फोर्स लिंक १, टायफून लिंक २. टायफून सुटलं, मिरर फोर्स टेबलावरून गेला, पण त्याचं ॲक्टिव्हेशन आधीच होऊन गेलंय आणि त्याच्यावर कोणी निगेट (इफेक्ट रद्द करणारं कार्ड) लावलेलं नाही, म्हणून लिंक १ नेहमीसारखी सुटते आणि तुझे अटॅक पोझिशनमधले सगळे मॉन्स्टर जातात. ही गैरसमजूत जगभर आहे, जिथे जिथे हा गेम खेळतात तिथे नवीन माणूस हा वाद घालतोच.

पण पुढचंही नीट वाच, नाहीतर ग्रुपवर उलटी चूक होईल. कंटिन्युअस ट्रॅप, कंटिन्युअस स्पेल, फील्ड आणि इक्विप, म्हणजे टेबलावर टिकून राहणारी कार्डं, यांना सुटताना टेबलावर उघडं असावं लागतं. मित्राने कॉल ऑफ द हॉन्टेड (ग्रेव्हयार्डमधून मॉन्स्टर आणणारा कंटिन्युअस ट्रॅप) उघडलं आणि तू त्यावर टायफून लावलंस तर मॉन्स्टर ग्रेव्हयार्डमधून येत नाही, कारण सुटायच्या वेळी कार्डच तिथे नाही. तेच टायफून मिरर फोर्सवर फुकट जातं आणि कॉलवर निगेटचं काम करतं.

रविवारचा_गडी

अरे बापरे, हे कॉलवालं आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. मग मॅजिकमध्ये पण असंच का? म्हणजे प्रॉडिगल सॉर्सररने माझ्यावर १ डॅमेज मारायला टॅप केलं (कार्ड आडवं फिरवलं) आणि मी लगेच त्यालाच मारला तर डॅमेज तरी येतोच?

सहावी_आवृत्ती

येतो. ॲबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की ती ज्याच्यातून आली त्याच्यापासून वेगळी झाली, नंतर तो जादूगार मेला तरी काही बिघडत नाही. तो टॅप व्हायच्या आधी मारला पाहिजे, आणि "तो टॅप करणार म्हणाला म्हणून मी आधी मारतो" असं चालत नाही, कारण टॅप करणं ही किंमत आहे, किंमत भरताना मध्ये कोणालाच बोलता येत नाही.

मृद्गंध

या किंमतीच्या मुद्द्यावर जरा थांबा, माझ्या मते टायमिंगच्या अर्ध्या भांडणांचं मूळ तिथेच आहे. मॅजिकमधलं व्हिलेज राइट्स घ्या: जास्तीची किंमत म्हणून एक क्रीचर (अस्वलासारखं लढणारं कार्ड) सॅक्रिफाइस करायचं, मग इफेक्ट म्हणून दोन कार्डं ओढायची. समोरच्याने माझ्या क्रीचरवर बोल्ट टाकला, ते तसंही मरणारच आहे, मी बोल्टवर व्हिलेज राइट्स टाकून तेच क्रीचर सॅक्रिफाइस करते. क्रीचर त्या क्षणी गेलं, बोल्टला टार्गेट उरलं नाही, मला दोन कार्डं. पण समोरच्याने व्हिलेज राइट्सला काउंटरस्पेल (स्पेल रद्द करणारं कार्ड) मारलं तर? क्रीचर गेलं ते गेलंच, कार्डंही नाहीत. किंमत परत मिळत नाही. सॉलेम जजमेंटसाठी निम्मे लाइफ पॉइंट दिले आणि ते कोणी रद्द केलं तरी ते निम्मे पॉइंट परत येत नाहीत, तिथेही तोच हिशोब.

यू-गी-ओमध्ये हे ओळखणं २०११ पासून खूप सोपं झालंय, कार्डाचा मजकूर एका ठरावीक पद्धतीने लिहायला लागले तेव्हापासून. अपूर्णविरामाच्या (:) आधी जे असतं ती अट, म्हणजे केव्हा ॲक्टिव्हेट करता येईल. अर्धविरामाच्या (;) आधी जे असतं ते ॲक्टिव्हेट करतानाच करायचं, किंमत भरणं, टार्गेट निवडणं. अर्धविरामानंतरचं सगळं सुटताना होतं. कार्ड हातात घेतलं की आधी ही दोन चिन्हं शोधा, मग वाद घाला. जुन्या छपाईच्या कार्डांवर ही सोय नाही, त्यांचा नवा मजकूर गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या डेटाबेसवर बघावा लागतो.

निळी_शाई

+१, मी हेच लिहिणार होते. आता पेटेन. बग नाही, याला "मिसिंग द टायमिंग" म्हणतात.

पेटेनच्या मजकुरात "व्हेन" आहे आणि पुढे "यू कॅन" आहे. म्हणजे इफेक्ट ऐच्छिक आहे आणि तो "अगदी तेव्हाच" वापरायचा आहे. नियम असा की अशा इफेक्टची अट ही सगळ्यात शेवटी घडलेली गोष्ट असायला हवी. ट्रिब्यूट समनमध्ये आधी पेटेन ग्रेव्हयार्डमध्ये जातो, मग नवा मॉन्स्टर येतो, शेवटची गोष्ट ठरली नवा मॉन्स्टर येणं, पेटेनची वेळ निघून गेली. चेन लिंक २ मध्ये पेटेन गेला आणि नंतर लिंक १ सुटली तरी तेच. पण साधं डार्क होल (सगळे मॉन्स्टर फोडणारं स्पेल) लिंक १ म्हणून एकटं सुटलं आणि त्यात पेटेन गेला तर चालतं, कारण त्यानंतर काही घडलेलंच नाही.

मजकुरात "इफ ... यू कॅन" असेल तर वेळ चुकत नाही, चेन पूर्ण सुटल्यावर नवी चेन सुरू करून वापरता येतो. आणि सांगनसारखा सक्तीचा इफेक्ट तर कधीच चुकत नाही, तो होणारच.

कडीपत्ता७

माझं स्पष्ट मत, मिसिंग द टायमिंग हा या गेममधला सगळ्यात वाईट नियम आहे. खेळाडूने काही चुकीचं केलेलं नसतं, कार्डावर लिहिलेली अट पूर्ण झालेली असते, तरी इफेक्ट मिळत नाही, आणि मिळाला नाही हे ॲपमध्ये कोणी सांगतही नाही, बटणच येत नाही. धागाकर्त्याला बग वाटला यात काही नवल नाही. मॅजिकमध्ये ट्रिगर (अट पूर्ण झाली की आपोआप सुरू होणारी ॲबिलिटी) झाला की झाला, पुढच्या वेळी कोणाला प्रायॉरिटी मिळणार असेल तेव्हा तो स्टॅकवर जातो, मध्ये काय काय घडलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तेच बरं आहे. नवीन यू-गी-ओ कार्डांवर बहुतेक ठिकाणी "इफ" दिसतं यावरून गेम बनवणाऱ्यांनाही ते पटलंय असं मला वाटतं.

निळी_शाई

नवशिक्याला त्रास होतो हे मान्य, वाईट नियम हे मान्य नाही. यू-गी-ओमध्ये माना नाही, एका टर्नमध्ये कितीही स्पेशल समन, कितीही इफेक्ट. तिथे प्रत्येक ग्रेव्हयार्डवाला इफेक्ट कुठूनही चालला असता तर जुनी कार्डं आवरलीच नसती. आणि यातून खरी कसब दाखवायची जागा तयार होते. समोरचा पेटेन ठेवून बसलाय हे माहीत असलं की मी त्याला मुद्दाम लिंक २ वर फोडते, म्हणजे खाली काहीतरी सुटायचं उरेल आणि त्याची वेळ चुकेल. याला "चेन ब्लॉक"चे भाऊबंद म्हणा. तिथे दोन ट्रिगर एकदम आले की आपला महत्त्वाचा इफेक्ट लिंक १ ला ठेवायचा आणि त्यावर दुसरा बिनमहत्त्वाचा लिंक २ ला लावायचा, मग समोरच्याचं अ‍ॅश ब्लॉसम (इफेक्ट रद्द करणारं कार्ड) महत्त्वाच्या इफेक्टला थेट लावता येत नाही, कारण प्रत्युत्तर फक्त शेवटच्या लिंकला देता येतं. मॅजिकमध्ये ही चाल शक्यच नाही, तिथे काउंटरस्पेल स्टॅकवरच्या कुठल्याही स्पेलला मारता येतो.

कडीपत्ता७

चेन ब्लॉक सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. मिसिंग द टायमिंगवर मात्र मी ठाम.

जुना_गठ्ठा

मॅजिकचे नियमही आधीपासून इतके स्वच्छ नव्हते हे नव्या मंडळींना माहीत असावं म्हणून लिहितो. १९९९ ते २००९ कॉम्बॅट डॅमेजसुद्धा स्टॅकवर जायचा. मॉग फॅनॅटिक १/१, सॅक्रिफाइस केला की कुठेही १ डॅमेज. तो ब्लॉक करायचा, त्याचा १ कॉम्बॅट डॅमेज स्टॅकवर जायचा आणि मग त्यालाच सॅक्रिफाइस करून आणखी १, म्हणजे एकाच कार्डाने २/२ मारायचा. मॅजिक २०१० च्या नियमांत, २००९ च्या जुलैपासून, हे बंद झालं, आता डॅमेज एकदम लागतो आणि फॅनॅटिकने दोन्हीपैकी एकच निवडायचं. त्या वेळी फार आरडाओरडा झाला होता. मला आजही जुनी पद्धत जास्त आवडते, त्यात विचाराला जागा होती, पण नवीन माणसाला "ठोसा लागलाय पण अजून लागायचाय आणि मारणारा आता इथे नाही" हे समजावणं खरंच अवघड होतं.

मृद्गंध

ॲपवर खेळणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. मॅजिकच्या अरेना ॲपमध्ये तुमच्याकडे काही करण्यासारखं नसेल तर ॲप आपोआप पास करतं, त्यामुळे जिथे थांबायचंय तिथे स्टॉप लावा, किंवा एकावर एक दोन स्पेल टाकायचे असतील तर फुल कंट्रोल लावा, नाहीतर पहिला सुटून मोकळा होतो. मास्टर ड्युएलमध्ये त्यासाठी ऑटो, ऑन, ऑफ असं बटण आहे. त्यात एक गंमत लक्षात ठेवा की ॲप थांबलं की समोरच्याला कळतं तुमच्याकडे काहीतरी आहे. टेबलावर हा प्रश्न नाही, पण टेबलावर दुसरा आहे: मॅजिकमध्ये स्वतःच्या स्पेलवर स्वतःच आणखी काही टाकायचं असेल तर "प्रायॉरिटी धरतोय" असं तोंडाने सांगायचं, न सांगता पुढे गेलं तर पास केलं असंच धरतात.

आईचा_डेक

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, पोकेमॉन खेळतो, त्याच्याबरोबर बसून मीही शिकले. हे सगळं वाचून विचारावंसं वाटलं, पोकेमॉनमध्ये हे स्टॅक, चेन कुठे असतं? आम्हाला कधीच लागलं नाही.

सहावी_आवृत्ती

ताई, नाहीच आहे. पोकेमॉनमध्ये समोरच्याच्या टर्नमध्ये हातातलं कार्ड टाकून प्रत्युत्तर देता येत नाही, तुमची टर्न तुमची, अटॅक केला की संपली. मग दोन टर्नच्या मध्ये चेकअप, तिथे विषबाधा, भाजणं, झोप वगैरे बघायचं. म्हणूनच लहान मुलांना शिकवायला तो उत्तम. वन पीस कार्ड गेममध्ये थोडं पुढे जातात, समोरच्याने हल्ला केल्यावर हातातली काउंटरवाली कार्डं टाकून बचाव करता येतो, पण तेवढ्याच ठरलेल्या जागी. मुलाला पुढे न्यायचं असेल तर ही चांगली मधली पायरी आहे.

ठाकुर्ली_स्लो

माझा एक प्रश्न, मॅजिकमधल्या लँडचा (माना देणाऱ्या कार्डांचा; माउंटन, स्वॅम्प हे त्यांचे प्रकार). ब्लड मून म्हणतं सगळे नॉन-बेसिक लँड माउंटन आहेत. अर्बोर्ग, जे स्वतःच नॉन-बेसिक लँड आहे, म्हणतं प्रत्येक लँड स्वॅम्पसुद्धा आहे. दोन्ही टेबलावर. अर्बोर्ग नंतर आलं तर त्याचं चालायला हवं ना? शेवटचा आधी, लोकलप्रमाणे?

सहावी_आवृत्ती

इथे लोकल चालत नाही, कारण स्टॅकच नाही. दोन्ही सतत चालणारे परिणाम आहेत, ते सुटत नाहीत, ते फक्त असतात. त्यांच्यासाठी लेयरची पद्धत आहे, एकूण सात: कॉपी, ताबा, मजकूर, प्रकार, रंग, ॲबिलिटी आणि शेवटी पॉवर-टफनेस. एकाच लेयरमध्ये असले तर साधारणपणे आधी आलेला आधी लागू. पण एक परिणाम दुसऱ्याचं अस्तित्वच बदलत असेल तर क्रम बघत नाहीत. ब्लड मून अर्बोर्गला माउंटन करतं, माउंटन झालं की त्याची स्वतःची ॲबिलिटी जाते, म्हणजे अर्बोर्ग ब्लड मूनवर अवलंबून. म्हणून कोणीही आधी येवो, ब्लड मून आधी लागू होतं आणि अर्बोर्ग नुसतं माउंटन उरतं. त्याच्यामुळे कुठलंच लँड स्वॅम्प होत नाही.

रविवारचा_गडी

सगळ्यांचे मनापासून आभार, लिंक ग्रुपवर टाकली आणि लगेच तिथून चौथा प्रश्न आलाय, मॅजिकचा. मी आणि मित्र, दोघांकडे एकेक ब्लड आर्टिस्ट, दोघेही १ लाइफवर. ब्लड आर्टिस्ट म्हणजे तो स्वतः किंवा कुठलंही क्रीचर मेलं की एका खेळाडूचं १ लाइफ जातं आणि आपल्याला १ मिळतं. मित्राने त्याच्या टर्नमध्ये रॅथ ऑफ गॉड टाकला, सगळी क्रीचर एकदम मेली. तो म्हणतो टर्न माझी म्हणून माझा ट्रिगर आधी, मी जिंकलो. दुसरा म्हणतो ब्लड आर्टिस्ट स्वतःच मेलेत तर ट्रिगर कसले?

मृद्गंध

दुसऱ्याचं आधी: ट्रिगर होतात. मरणाचे ट्रिगर मरायच्या आधीचं टेबल बघून ठरतात, दोन्ही ब्लड आर्टिस्टनी एकमेकांचं आणि स्वतःचंही मरण पाहिलेलं असतं, म्हणून प्रत्येकाचे निदान दोन दोन ट्रिगर.

आता क्रम. ज्याची टर्न त्याचे ट्रिगर स्टॅकवर आधी जातात, म्हणजे खाली राहतात. तुझे त्यांच्या वर. वरचा आधी सुटतो, तो तुझा. मित्राचं लाइफ १ वरून ०, तुझं २, आणि पुढच्या कोणाला प्रायॉरिटी मिळायच्या आत गेम तपासतो की कोणी शून्यावर आहे का. आहे. मित्र हरला, त्याचे दोन्ही ट्रिगर खाली स्टॅकवर तसेच पडून.